पोटातली गोधडी

आमच्या घरात उशीवर डोकं टेकण्याआधी विचारावं लागतं. अभ्र्यात कापूस असेलच असं नाही, बहुतेक वेळा चिंध्या असतात. एका अभ्र्यात निळ्या, एकात पांढऱ्या आणि एकात 'अजून ठरलं नाही' अशा. गादीखाली एक गोधडी दाबायला घातलेली असते, खिडकीजवळच्या खाटेवर दुसरी अर्धवट पसरलेली असते आणि तिसरी बायकोच्या डोक्यात असते. ती तिसरीच सगळ्यात जास्त जागा अडवते.

मी आयुष्यभर वाचनालयात नोकरी केली. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, हिच्या चिंध्याही पुस्तकांसारख्या लावून द्याव्यात. रंगाप्रमाणे, मग आकाराप्रमाणे. ही बाजारातून आली, कपाट उघडून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही आपले वाचत बसा. तिथं तुमच्या हातून काही बिघडत नाही."

हिच्या माहेरच्या बायकांची गोधडी शिवायची एक पद्धत आहे. नवी गोधडी करताना आत जुनी घालायची. वापरून विरलेली, फाटून जाळी झालेली, कशीही चालते. तिच्यावर नवे तुकडे, खाली नवं अस्तर आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. त्या आतल्या गोधडीला या घरात 'पोट' म्हणतात. आणि पोटात काय आहे ते शिवणारीनं आपल्यापाशी ठेवायचं, जिला गोधडी द्यायची तिला सांगायचं नाही. माझ्या सासूबाईंचं म्हणणं असं, की सांगितलं की माणूस ती जपायला लागतो, पांघरत नाही. लग्नानंतर पहिल्याच थंडीत मी त्यांना विचारलं होतं, "आमच्या गोधडीत कोण आहे?" त्या म्हणाल्या, "ऊब लागते ना? मग झालं."

हिची धाकटी बहीण नर्स होती. आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणत असू. तिला शिवणाची आवड नव्हती, वेळही नव्हता. तरी मुलगी झाल्यावर तिनं एक गोधडी केली, तेवढी एकच. कामावरचे जुने पांढरे झगे, पडद्याचे उरलेले तुकडे, आणि पुढे मुलीला अपुरे झाले तसे तिचे फ्रॉकही त्यात गेले. दोरा संपला की ती गाठ मारायची ती जखमेला टाके घालतात तशी. दुहेरी, चपटी, घट्ट. ही वैतागायची. "अगं, गोधडी आहे की पेशंट? पाठीला टोचेल ना!"

"टोचू दे," धाकटी म्हणायची. "सुटायची तरी नाही."

आजारपणात ती तीच गोधडी पांघरून पडलेली असायची. मुलगी तेव्हा कॉलेजात होती. लहानपणी घरभर गिरक्या घ्यायची म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. धाकटी गेल्यावर तिचं घर रिकामं करताना हिनं गोधडी आमच्याकडे आणली. पुढे भिंगरीचं लग्न ठरलं, तेव्हा ही महिनाभर खाटेवरून हलली नाही. निळ्या किनारीची मोठी गोधडी केली. तिच्या पोटात धाकटीची गोधडी घातली. मुलीला आई पांघरायला मिळेल, आणि रडारड न होता मिळेल, असा तिचा हिशेब होता. मला तो तेव्हा फार सुंदर वाटला होता. माझ्या वाटण्याला फारसा अर्थ नसतो, पण वाटला होता.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर भिंगरी आली. ती आली की मावशीशी बोलते, माझ्याकडे बघून हसते आणि विचारते, "काका, काय वाचताय?" मी पुस्तकाचं नाव सांगतो आणि आमचं बोलणं संपतं. त्या दिवशी ती खाटेवर, अर्धवट गोधडीच्या कोपऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मावशी, तुझ्याकडे एक मागायचंय."

"माग की."

"आईची ती गोधडी. पांढऱ्या तुकड्यांची. तू आणली होतीस ना इकडे?"

हिची सुई चालू होती, ती चालूच राहिली. "आणली होती. आज कशी आठवण झाली?"

"या वर्षी मी आईच्या वयाची झाले." भिंगरी गोधडीवरच्या एका तुकड्याशी नखानं खेळत होती. "म्हणजे आता यापुढे मी तिच्यापेक्षा मोठी. विचित्र वाटतं गं. माझ्याकडे तिचं काहीच नाही. घड्याळ होतं, ते हरवलं. मुलगी विचारते, आजी कशी होती, तर मी काय दाखवू? फोटो? फोटोत तर सगळ्याच सारख्या दिसतात."

मला वाटलं, आता ही हसून सांगेल की वेडे, ती तुझ्याच घरी आहे. सांगायला हरकत कसली? रीत मोडली असती, पण रीत सांगणारी बाई जाऊन किती वर्षं झाली. हिनंही तेच ठरवलं असावं, कारण सुई टोचून ठेवली आणि विचारलं, "तुझ्या लग्नातली गोधडी कुठे आहे गं? निळ्या किनारीची?"

भिंगरीनं जीभ चावली. लहानपणी काचेचं भांडं फोडल्यावर चावायची तशीच.

"रागावणार नसशील तर सांगते."

"सांग."

"आम्ही मागचं घर बदललं ना, तेव्हा त्या टेम्पोवाल्यांनी काही गुंडाळायला आणलंच नव्हतं. नवा फ्रिज. मग तुझी गोधडी गुंडाळली. ती इतकी जड होती मावशी, आम्ही तशीही कपाटावरच ठेवली होती. आणि मग ती त्यांच्याबरोबरच गेली. मी दोनदा फोन केला, खरंच केला. नंतर राहिलंच." तिनं मावशीचा हात धरला. "रागावलीस?"

"छे," ही म्हणाली. "फ्रिजलाच जास्त थंडी वाजत असेल."

भिंगरी खो खो हसली. मीही हसलो, कारण मला नेहमीच थोडं उशिरा कळतं. मग मी हिच्याकडे पाहिलं.

"आईची गोधडी शोधते मी," ही म्हणाली. "असेल कुठेतरी. माळ्यावर वगैरे. आणि हो, ते टेम्पोवाले कोण गं? शेजारणीला घर बदलायचंय."

शेजारीण गेली तीस वर्षं त्याच घरात आहे आणि तिथून तिला हलवायला क्रेन लागेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ही तयार होऊन दारात उभी. हातात मोठी पिशवी. "चला."

"कुठे?"

"विचारू नका. पिशवी धरा."

दोन बस बदलून आम्ही शहराच्या टोकाला गेलो. पत्र्याची शेड, बाहेर दोन टेम्पो, आत लाकडी खोकी आणि दोऱ्यांची वेटोळी. एका कोपऱ्यात गोधड्या, ब्लँकेटं, जुन्या रजया यांचा माझ्या छातीपर्यंत येणारा ढीग. डिझेलचा आणि धुळीचा वास. मुकादम खुर्चीत बसून डबा खात होता.

"आजी, सामान कधी हलवायचंय?"

"सामान नाही. माझी एक गोधडी तुमच्याकडे राहिलीय. तीन-एक वर्षं झाली."

त्यानं ढिगाकडे बोट दाखवलं. "यातली कुठली? इथं प्रत्येकाची एक राहिलेली आहे."

"निळी किनार. जाड."

मुकादमाचा घास थांबला. "ती जाडी? ती तुमची? अहो आजी, ती तर आमची लाडकी! आरसा असो, काचेचं कपाट असो, तीच घालायची. आजपर्यंत एक ओरखडा नाही." तो उठला, हात पुसले आणि ढिगाकडे वळून म्हणाला, "काय भरलंय तिच्यात, दगड?"

"माझी बहीण," ही म्हणाली.

त्यानं तो विनोद समजून दाद दिली. मग ढीग उपसायला लागला. ही त्याच्या शेजारी वाकली आणि डोळे दुसरीकडे ठेवून नुसते हात घालत गेली, अंधारात चष्मा शोधावा तशी. तिचा हात एका ठिकाणी थांबला.

किनार निळी होती हे ठाऊक असणाऱ्यालाच ती निळी दिसली असती. मुकादमानं ओढून काढली आणि ती लगेच बाहेर आली, मला वाटली होती त्यापेक्षा फारच हलकी.

"ही अर्धीच आहे," मी म्हणालो. शेडमध्ये आल्यापासून मी प्रथमच तोंड उघडलं होतं.

"हो आजोबा, दोन केल्या. एका माणसाला उचलेना. मधोमध कापली. दुसरीवर बॅटरीचं पाणी सांडलं, गेली ती. टाकून दिली."

"कुठे टाकली?" हिनं विचारलं.

"आजी, कचरा कुठे टाकतात?" तो असं म्हणाला खरा, पण त्यालाच ते बरं वाटलं नसावं, कारण त्यानं डोकं खाजवलं. "न्या तुम्ही ही. पण माझी अडचण होईल हो. अशी जाड दुसरी नाही."

हिनं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि उघडली. आत गादीखाली दाबलेली गोधडी होती. गेले वर्षभर मला सांगितलं जात होतं की ही तुमच्यासाठी, तुमचे गुडघे दुखतात म्हणून. दोन बसमधून ती मीच वाहून आणली होती.

"ही घ्या," ती म्हणाली. "हिच्यातही दम आहे."

मुकादमानं ती हातावर तोलली आणि मान डोलावली. निघताना त्यानं चहा विचारला. आम्ही नको म्हणालो.

बसमध्ये ही अर्धी गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. कापलेल्या कडेतून थर दिसत होते. वरचं कापड, मग पांढरं काहीतरी, मग अस्तर. ती बोटानं चाचपत होती. एका ठिकाणी तिनं माझं बोट धरून आत खुपसलं. टणक, चपटी गाठ लागली.

"सुटली नाही," ती म्हणाली. मग खिडकीतून बाहेर बघत बसली.

घरी आल्यावर तिनं स्वतःचेच टाके उसवायला घेतले. मी टोक ताणून धरत होतो, ती ब्लेडनं एकेक टाका कापत होती. कधी काळी महिनाभर घातलेले टाके दोन दुपारींत निघाले. आतून धाकटीची गोधडी निघाली, म्हणजे निम्मी. पांढऱ्या झग्यांचे तुकडे पिवळट झाले होते, एका तुकड्यावर खिसा तसाच होता. एक पिवळा फ्रॉक मधोमध कापला गेला होता, एक बाही आमच्याकडे होती. हिनं ती गोधडी धुतली नाही. नुसती उन्हात घातली आणि स्वतः शेजारी बसून राहिली.

"आता तिला सांगशील ना?" मी विचारलं.

"काय सांगू?"

"जे झालं ते. तुझी काही चूक नाही यात."

"मग कुणाची?"

मी गोधडीचं दुमडलेलं टोक सरळ केलं.

"सांगितलं, तर काय होईल ठाऊक आहे?" ही म्हणाली. "पोरगी रोज सकाळी दूध काढायला फ्रिज उघडेल आणि रोज रडेल. आईला आपण फ्रिजला गुंडाळली, टेम्पोत टाकली, हे ती विसरेल असं वाटतं तुम्हाला? मी नसते विसरले."

"पण तिला माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. माझ्या आईनं सांगितलं, गप्प राहा, राहिले. तिच्या वेळच्या बायका गोधडी कपाटावर ठेवत नव्हत्या, त्यांच्याकडे दुसरं होतं काय पांघरायला? एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही." तिनं कापलेल्या कडेवरून हात फिरवला. "मी पोटात घातलं ते घातलं. आता हेही घालते."

"म्हणजे?"

"म्हणजे मी कापली. मी अर्धी वापरून टाकली. भिंगरी आली की तुम्ही फक्त गप्प राहायचं. ते तुम्हाला जमतं."

जमतं, हे खरं आहे. तरीही वाचनालयात भांडायला आलेल्या माणसाशी बोलायच्या आधी मी जशी मनात वाक्यं जुळवायचो, तशी आठवडाभर जुळवत होतो. एका वाक्यात सगळं सांगायचं, कुणाला दुखवायचं नाही. असं वाक्य मला सापडलं नाही. दुसऱ्या कुणाला कदाचित सापडलं असतं.

भिंगरी रविवारी आली. हिनं गोधडी घडी करून टेबलावर ठेवली होती. कापलेल्या बाजूला नवी पट्टी लावली होती, नीट, आखल्यासारखी. भिंगरीनं चप्पलही काढली नाही, धावत जाऊन तिच्यात तोंड खुपसलं.

"आईचा वास नाही येत," ती म्हणाली. "उन्हाचा येतो." पण हसत होती. मग तिनं घडी उलगडली. पिवळी बाही दिसल्यावर तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. दुसरी बाही शोधायला हात पुढे गेला आणि नव्या पट्टीशी थांबला.

"बाकीची?"

"तेवढीच आहे," ही म्हणाली.

"असं कसं? ही मोठी होती. आम्ही दोघी मावायचो हिच्यात."

"मी कापली. एका गोधडीला पोट कमी पडत होतं, त्यात अर्धी घातली."

"कापली?" भिंगरीला शब्द कळला नसावा असं वाटलं. "कात्रीनं?"

"कात्रीनंच कापतात गं."

"ती गोधडी कुठे आहे मग? ज्यात घातलीस ती?"

"दिली कुणाला तरी. आठवत नाही."

भिंगरी माझ्याकडे बघायला लागली. मी टेबलावरच्या पुस्तकाकडे बघत होतो. कुठलं होतं ते मला आज सांगता येणार नाही.

"आठवत नाही?" तिचा आवाज चढला. "माझ्या आईची गोधडी कापून कुणाला दिली ते तुला आठवत नाही? मला एकदा विचारायचं तरी! मी कुठे परदेशात होते का? फोन नव्हता माझ्याकडे?"

"चुकलंच," ही म्हणाली.

"तुला माणसं दिसतच नाहीत मावशी. तुला नुसतं कापड दिसतं. आई गेली तेव्हाही तू कपाटातून कपडेच काढत होतीस. मी बघितलंय."

हे खरं होतं. ती कपडे काढत होती आणि एकेक छातीशी धरत होती. पण भिंगरी दाराबाहेर उभी होती, तिला पाठ दिसली असेल.

"चहा टाकते," ही म्हणाली.

"नको मला." भिंगरीनं गोधडी पिशवीत कोंबली. दारापर्यंत गेली, परत आली आणि लहानपणापासूनच्या सवयीनं मावशीच्या खांद्याला हात लावला, मग लगेच काढून घेतला. ही तशीच उभी होती.

मी बसथांब्यापर्यंत सोडायला गेलो. कोपऱ्यावरचा चांभार दुकान आवरत होता, रस्ता खणून ठेवलेला होता आणि आम्ही एकामागून एक फळीवरून चाललो होतो. भिंगरी पुढे होती. तिला माझा चेहरा दिसत नव्हता, तेव्हा बोलायला तीच वेळ बरी होती. मी घसा खाकरला.

"काका, जपून," ती म्हणाली. "फळी हलतेय."

थांब्यावर ती पिशवी पोटाशी धरून उभी राहिली. डोळे पुसले. "तुम्ही तरी अडवायचं होतं तिला," ती म्हणाली. "तुम्ही घरातच असता ना."

"हो," मी म्हणालो. "अडवायला हवं होतं."

आम्ही दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होतो, आणि हे फक्त मला ठाऊक होतं. मी आणखी काहीतरी म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो की नाही, ते आता सांगता येत नाही, कारण तेवढ्यात बस आली आणि मी म्हणालो, "ही जाईल ना गं तुझ्या बाजूला?" ती नुसती मान हलवून चढली.

घरी आलो तर ही खाटेवर बसून सुईत दोरा ओवत होती. ओवला जात नव्हता.

"काय म्हणाली?"

"काही नाही. बस लगेच मिळाली."

"माझ्यावर रागावलीय ना? का स्वतःवर?"

"तुझ्यावर."

"बरं झालं," ही म्हणाली आणि सुई माझ्याकडे दिली. मी ओवून दिली. माझं दूरचं गेलंय, जवळचं अजून आहे.

त्यानंतर भिंगरी आलेली नाही. फोन करते, पण पूर्वी मावशीला करायची, आता मला करते. मला फोनवर बोलता येत नाही. ही माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसते आणि हातवारे करून विचारायला सांगते. पोरीची शाळा कशी आहे, मी विचारतो. खोकला गेला का, तेही विचारतो. पलीकडून उत्तरं येतात, ती मी मोठ्यानं पुन्हा म्हणतो, म्हणजे हिला ऐकू जावीत. भिंगरीला कळत असेल मी असं का करतो. पण "मावशीला द्या" असं ती म्हणत नाही.

परवा फोनवर ती म्हणाली, मुलगी ती गोधडी घेतल्याशिवाय झोपत नाही, बाहीत हात घालून झोपते. मी ते मोठ्यानं म्हणालो. ही एकदम पुढे सरकली. तिच्या ओठांवरून मला वाक्य वाचता येत होतं. विचारा, टोचत नाही ना तिला. गाठी.

मी विचारणार होतो. मग मनात आलं, गाठींचं मला कसं ठाऊक, असं ती म्हणाली तर? त्यावरून दुसरं काही निघालं तर? हे सगळं बहुधा माझ्याच डोक्यातलं असेल. भिंगरीनं काहीच विचारलं नसतं. पण मी तोवर "तुमच्याकडे थंडी कशी आहे?" असं विचारून बसलो होतो.

"आहे बरीच," भिंगरी म्हणाली.

"बरीच आहे," मी हिला ऐकू जाईल असं म्हणालो.